मेलेली भाकर

माझ्या विहिणीवर मी भर चर्चच्या हॉलमध्ये सूड उगवला, पन्नास माणसांसमोर, हातात कॉफीचा कप धरून. ते करताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. आठवणी लिहायला बसलं की माणसं स्वतःला जरा धुऊनपुसून घेतात. मला ते जमायचं नाही. सहा वर्षं मी त्या संधीची वाट बघितली होती, आणि ती आली तेव्हा दोन्ही हातांनी घेतली.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी वसईची ख्रिस्ती, कॅथलिक. घरात मराठी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, आणि भांडणं तर अस्सल मराठीत. लग्न होऊन अमेरिकेत एडिसनला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका पहिल्यांदा भेटल्या की आधी माझं कपाळ बघतात, मग आडनाव विचारतात, मग म्हणतात, अय्या, पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही. मी म्हणते, तुम्हीसुद्धा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली. रविवारची मिस्सा मी कधी चुकवली नाही. मुलगी एकच. ती आठ वर्षांची असताना तिचं पहिलं कम्युनियन झालं, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून देतात ती भाकर तिने पहिल्यांदा घेतली, तेव्हाचा पांढरा फ्रॉक मी स्वतः शिवला होता, तीन वेळा उसवून. त्यानंतर दर रविवारी त्या भाकरीच्या रांगेत पुढे ती आणि मागे मी. कॉलेजला गेली, नोकरीला लागली, सुट्टीत घरी आली की रांग तीच. तोंडाने आम्ही मायलेकी फार गोड कधी बोललो नाही, दोघींची जीभ तिखट. पण त्या रांगेत ती माझी होती.

तिने ऑफिसमधला एक ग्रीक मुलगा पसंत केला. मुलगा सोन्यासारखा, त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. माझा नवरा तर खुशीतच होता. म्हणाला, चला, ख्रिस्तीच आहे, आपल्यातलाच मिळाला. आपल्यातला! आम्हाला काय माहीत की ख्रिस्ती लोकांत हजार वर्षांपूर्वी वाटण्या झाल्यात, आणि आम्ही भिंतीच्या पश्चिमेला पडलोय आणि ते पूर्वेला. वसईत आमचं भांडण फार फार तर शेजारच्या गावच्या चर्चचा बँड चांगला की आमचा, एवढंच.

लग्न त्यांच्या चर्चमध्ये झालं. आमच्या फादरांनी रीतसर परवानगीचा कागद दिला होता. लग्न छान झालं, ते काही मी नाकारत नाही. पुढच्या रविवारी विहीणबाईंनी आम्हाला त्यांच्या उपासनेला बोलावलं. उंच, ताठ बाई, केस पांढरेशुभ्र, नाक असं की बोलण्याआधी तेच पुढे येतं. नवरा कधीच वारलेला, मुलाला एकटीने वाढवलेलं. त्या चर्चमध्ये त्यांचा शब्द फादरच्या शब्दाच्या खालोखाल.

चर्च सोनेरी चित्रांनी भरलेलं, धुपाचा ढग, दोन तास सगळं गाऊन. भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं, कारण सांगाडा आमच्याच मिस्सेचा. कम्युनियनची वेळ आली, लोक उठले, मीही उठले. पन्नास वर्षांची सवय, पाय आपोआप चालतात. कोणी अडवलं नाही. विहीणबाई माझ्या बरोब्बर मागे उभ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं पुढे काय होणार ते. एक बोट खांद्याला लावून म्हणाल्या असत्या, तुम्ही थांबा, तर मी थांबले असते. त्या गप्प राहिल्या. हे मी त्यांच्या खात्यावरून कधीच पुसलं नाही.

त्यांच्यात भाकर द्राक्षारसात बुडवून चमच्याने थेट तोंडात देतात. आमच्यात तळहातावर ठेवतात. मी माझ्या सवयीने उजव्या तळहातावर डावा तळहात ठेवून पुढे केला. तो हात बघूनच फादर थबकला. हळू आवाजात त्याने विचारलं, कॅथलिक का? मी अभिमानाने हो म्हटलं. त्याने चमचा परत प्याल्यात ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मागच्या माणसाकडे बघितलं. मागचं माणूस म्हणजे विहीणबाई. त्यांनी तोंड उघडलं, घेतलं, लाल फडक्याला ओठ पुसले. मी रिकामा पंजा घेऊन माझ्या जागेवर आले. माझी मुलगी बाकावर खाली मान घालून बसली होती. तिला नियम माहीत होता, म्हणून ती उठलीच नव्हती. मला सांगायचं मात्र राहून गेलं तिच्याकडून.

नंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी होती. मी सरळ विचारलं, माझा ख्रिस्त वेगळा आहे का? बायका गोळा झाल्या. विहीणबाई हसल्या, लहान मुलाला समजवावं तसं समजावायला लागल्या. इंग्रजीतच बोलल्या, पण मला ते वाक्य मराठीतच ऐकू येतं अजून.

“तुमच्या भाकरीत यीस्ट नसतं. ती मेलेली भाकर. आमची फुगते, कारण प्रभू उठला.”

बायका हसल्या. माझा चेहरा बघून विहीणबाईंनी माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, हे काही तुमचं माझं नाही, हजार वर्षांचं आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. यीस्ट मला शिकवता? आमच्या वसईत लग्नाला फुगे असतात. मैदा ताडीत भिजवायचा, फुगला की मुठीतून पिळून एकेक गोळा कढईत सोडायचा, टम्म होऊन वर येतो. मी बारा वर्षांची असल्यापासून लग्नघरात शंभर-शंभर माणसांचं पीठ भिजवलंय. आणि ही बाई मला सांगते तुमची भाकर मेलेली. पण त्या दिवशी मी कॉफी प्यायले, थँक यू म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. नवरा म्हणाला, सोड गं. मी म्हटलं, तुम्ही गाडी चालवा.

मग मी लायब्ररीत जायला लागले. भांडायचं तर मुद्दे हवेत. जाडजाड पुस्तकं आणली आणि सुट्टीच्या दिवशी वाचून काढली. आणि वाचता वाचता मला हसू यायला लागलं, कारण ते सगळं भांडण मला ओळखीचं वाटलं. रुसवेफुगवे, मानपान, कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा. रोमचा पोप म्हणे मी थोरला, कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू म्हणे तू आमच्यातलाच एक. मग एकमेकांच्या घरातल्या खोड्या. तुम्ही भाकरीत यीस्ट घालता, तुम्ही घालत नाही. तुमचे फादर लग्न करतात, आमचे दाढी करतात. तुम्ही शनिवारी उपास का करता. विश्वासाच्या प्रार्थनेत आम्हाला न विचारता एक शब्द जास्तीचा घातलाच कसा. मंडळातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं, हे तर आमच्या आजीचं सोवळंओवळं.

शेवटी १०५४ साली पोपचे दूत कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चमध्ये शिरले, उपासना सुरू व्हायच्या वेळी वेदीवर बहिष्काराचा कागद आपटला आणि पायाची धूळ झटकून चालते झाले. एक बिचारा सेवक तो कागद घेऊन रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे धावला, परत घ्या, परत घ्या म्हणत. त्यांनी घेतला नाही, कागद रस्त्यात पडला. आणि ज्या पोपच्या नावाने हे सगळं चाललं होतं तो काही महिन्यांपूर्वीच मेलेला होता. तिकडच्यांनीही लगेच यांना बहिष्कृत केलं. त्याआधी म्हणे त्यांच्या एका अधिकाऱ्याने आमची बिनयीस्टची भाकर पायाखाली तुडवली होती, ती ख्रिस्ताचं शरीर असूच शकत नाही म्हणून. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. विहीणबाई जे हसत बोलल्या ते कुठून आलं ते मला दिसलं.

मुद्दे मिळाले, पण उपयोग काय. पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी टर्की कापता कापता विषय काढला, तर त्यांच्याकडे माझ्याहून मोठा मुद्दा तयार होता. म्हणाल्या, १२०४ साली तुमचे सैनिक क्रूसावर शपथ घेऊन निघाले आणि आमचं कॉन्स्टँटिनोपल लुटलंत. चर्चमधली भांडी नेलीत, बायका सोडल्या नाहीत. आवाज असा की काल संध्याकाळी घडलं असावं. मी म्हटलं, बाई, मी वसईची. १२०४ साली माझे पूर्वज भात लावत होते आणि ख्रिस्त त्यांना माहीतही नव्हता. आम्हाला पोर्तुगीजांनी बाटवलं ते तीनशे वर्षांनी. त्या म्हणाल्या, तरी तुम्ही पोपचेच ना. जावई म्हणाला, मॉम, प्लीज. माझी मुलगी उठून किचनमध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

हे असं चालू राहिलं. इस्टरसुद्धा दोन वेगळ्या रविवारी, बहुतेक वर्षी त्यांचा उशिरा. आमचा सण असला की त्यांचा उपास चालू, मुलगी आमच्याकडे जेवायला आली तर विहीणबाईंचा फोन, कोंबडी खाल्लीस का. नातू झाला तेव्हा बाप्तिस्मा त्यांच्या चर्चमध्ये ठरला. माझ्या बहिणीला मी गॉडमदर म्हणून भारतातून बोलवायचं मनात धरलं होतं. चालणार नाही, त्यांच्यातलीच हवी. आठ महिन्यांच्या पोराला तीनदा पाण्यात बुडवलं, तेल लावलं आणि तिथल्या तिथे चमच्याने कम्युनियन दिलं. तोंडात दात नाही त्याच्या, पण त्याला मिळालं. मी बाकावर हात मांडीत घेऊन बसले होते. विहीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी घरी घेऊन आले.

पोर दोन वर्षांचं झालं आणि मुलीने सांगितलं, मी त्यांच्या चर्चमध्ये जातेय. कायमची. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मराठीत बोल म्हणून सांगून मी थकले. म्हणाली, दर रविवारी याला कडेवर घेऊन रांगेत जाते, याला मिळतं आणि मी तोंड फिरवून परत येते. याला आता कळायला लागलंय. हा विचारतो, मम्मा का नाही. मी म्हटलं, मग त्याला आमच्याकडे घेऊन ये. ती म्हणाली, त्याला तिथेच वाढवायचं असं लग्नाआधीच ठरलं होतं, आई, तुला माहीत होतं. मी पुष्कळ बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी विचारलं, म्हणजे तू आणि मी यापुढे कधीच एका रांगेत नाही?

ती म्हणाली, “आय नो, आई.”

मला जगाकडून दुसरं काही नको होतं. पोप थोरला की धाकटा, मला काय करायचंय. पुढे ती आणि मागे मी, एवढंच हवं होतं, आणि तेच त्या बाईने नेलं. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं की हे सगळं त्या बाईने घडवून आणलंय. त्या दिवसापासून तर मी उट्टं काढायची संधी जास्तच शोधायला लागले.

संधी विहीणबाईंनीच आणून दिली. मुलीला त्यांच्या चर्चमध्ये घ्यायचा विधी ज्या रविवारी होता, त्याच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या चर्चमध्ये वेदीवरची भाकर दुकानातून येत नाही, बायका पाळीपाळीने घरी करतात. ज्या बाईची पाळी तिला मान. त्या रविवारची पाळी त्यांची, मुद्दाम मागून घेतलेली, सुनेचा दिवस म्हणून. आणि आता उजवं मनगट गेलं, मळता येत नाही म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पाळी जाईल. नियमाने ही भाकर त्यांच्यातल्याच बाईने मळायची असते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मळाल का? कोणाला कळता कामा नये.

मी म्हटलं, आनंदाने.

आमच्याकडे वसईत एक गोष्ट सांगतात. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पोर्तुगीज रात्रीतून गावच्या विहिरीत पाव टाकायचे. सकाळी लोक पाणी प्यायचे, मग कळायचं पाव पडलाय. झालं, अख्खं गाव बाटलं. जातीने बाहेर टाकलं, परत घ्यायला कोणी तयार नाही, मग जायचं कुठे, चर्चमध्ये. आमची आजी ही गोष्ट सांगताना हसायची. फोन ठेवला आणि मला तीच गोष्ट आठवली. म्हटलं, विहीणबाई, तुमच्या विहिरीत आता मी पाव टाकणार.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, हायवेने अर्ध्या तासावर. उजव्या मनगटाला काळा पट्टा बांधून त्या दारात उभ्या. किचन लख्ख. एका चित्रासमोर त्यांनी दिवा लावला आणि क्रूस केला, त्यांच्या पद्धतीने, आधी उजवा खांदा मग डावा. मी माझ्या पद्धतीने केला, आधी डावा मग उजवा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पिठाकडे वळलो.

पीठ, पाणी, यीस्ट, मीठ. ना साखर ना तेल. त्या स्टुलावर बसून सूचना देत होत्या. पीठ घट्ट हवं, अजून मळा, जोर लावा. जोर? मी जोर लावला. एक ठोसा रांगेतल्या त्या गप्प बसण्याला. एक मेलेल्या भाकरीला. एक १२०४ ला. बाप्तिस्म्याच्या त्या हसण्याला तर चार. मळताना प्रार्थना म्हणायची असते म्हणाल्या, आणि त्या त्यांच्या भाषेत पुटपुटू लागल्या. मी मराठीत रोझरी, आमची जपमाळ, म्हटली. तोंडात देवाची आई, हातात कॅथलिक पीठ आणि मनात उद्याचं भाषण. मध्ये एकदा त्यांनी ओव्हनजवळचं बिडाचं जड पातेलं सहज बाजूला उचलून ठेवलं, त्याच हाताने. मी मनात म्हटलं, वा, मळायचं तेवढं दुखतंय.

पीठ टम्म फुगलं. लाकडी शिक्का दाबून त्यावर क्रूस आणि अक्षरं उठवली, काडीने भोकं पाडली, भाजायला ठेवली. घरभर वास सुटला. भाकर बाहेर आली तेव्हा विहीणबाईंनी ती डाव्या हाताने थोपटून बघितली आणि पहिल्यांदा माझं कौतुक केलं. म्हणाल्या, माझ्याहून चांगली झाली. मी म्हटलं, असू दे, असू दे. त्यांनी पांढऱ्या टॉवेलात गुंडाळली. निघताना त्यांनी माझा पिठाचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. मी सोडवून घेतला आणि गाडी काढली.

रविवारी चर्च भरलेलं. सुरुवातीला माझ्या मुलीच्या कपाळावर, डोळ्यांवर, हातांवर फादरने तेल लावलं. मग उपासना. शेवटी रांग. ती पोराला कडेवर घेऊन गेली, आधी पोराने तोंड उघडलं, मग तिने. तिला घास मिळाला. परत येताना ती रडत होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी नजर वळवली. मला वाटलं, माझ्यापासून सुटल्याचा आनंद. उपासना संपली की उरलेल्या भाकरीचे तुकडे सगळ्यांना वाटतात, परक्यांनासुद्धा. फादरने एक माझ्या तळहातावर ठेवला. मधला भाग वेदीवर, आणि जिने मळली तिला कडेचा तुकडा. मी तो चावून खाल्ला आणि हॉलमध्ये गेले.

कॉफी, केक, गडबड. फादर स्वतःहून म्हणाला, आजची भाकर काय सुंदर होती. बायकांनी विहीणबाईंचं अभिनंदन केलं. त्या नुसत्या हसल्या. मी कप हातात घेऊन मधोमध गेले. आवाज माझा मोठा आहेच. म्हटलं:

“ती भाकर मी मळली. काल, यांच्या किचनमध्ये, माझ्या कॅथलिक हातांनी. तुम्ही सगळ्यांनी खाल्लीत. मेलेली होती का?”

हॉल असा गप्प झाला की कॉफीच्या मशीनचा आवाज येऊ लागला. एका म्हाताऱ्या बाईने हातातला कप खाली ठेवला आणि विहीणबाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. विहीणबाईंचं तोंड पांढरंफटक. त्यांनी तुटक शब्दांत उत्तर दिलं. माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या मुलीकडे बघितलं. मला वाटलं, शरमेने. फादर सौम्यपणे म्हणाला, याबद्दल आपण नंतर बोलू. मी कॉफी संपवली. सांगते ना, इतकी चवदार कॉफी मी अमेरिकेत प्यायले नव्हते.

पुढच्या आठवड्यात जावयाकडून कळलं, विहीणबाईंचं नाव भाकरीच्या यादीतून काढलं. सत्तावीस वर्षं होतं म्हणे. मी नवऱ्याला सांगितलं, त्या दिवशी मुद्दाम पापलेटचं कालवण केलं. तो जेवला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला.

मुलगी तीन आठवडे आली नाही, फोन नाही. मग एका बुधवारी दुपारी आली, पोराला घरी ठेवून, एकटी. कोट काढला नाही. किचनच्या दारात उभी राहिली आणि मराठीत बोलली. मोडकंतोडकं, अडखळत, पण मराठीत. एवढी वर्षं जे मी मागत होते ते असं मिळालं.

म्हणाली, “आई, तुला त्या रांगेत उभं करता येत नव्हतं. मग मला वाटलं, माझ्या पहिल्या दिवशी तुझ्या हातचं तरी खावं. मी माझ्या सासूला सांगितलं. तीन वेळा नाही म्हणाली. मग हो म्हणाली. हातपट्टा मी फार्मसीतून आणला. हात चांगला होता तिचा.”

मी म्हटलं, मला सांगायचंस ना. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू केलं असतंस? नसतं केलं. तिच्यासाठी म्हणून, त्यांच्या वेदीसाठी, मी एक मूठ पीठ भिजवलं नसतं. सूड म्हणूनच मी ते मळलं. हे तिला नीट माहीत होतं.

जाता जाता मी विचारलं, त्या म्हाताऱ्या बाईने हॉलमध्ये काय विचारलं होतं? मुलगी म्हणाली, हे कोणाच्या सांगण्यावरून केलंस, असं विचारलं. विहीणबाईंनी नुसतं माझ्या मुलीचं नाव घेतलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. पण तिचा तो त्या चर्चमधला पहिला दिवस होता, अजून कपाळावरचं तेल वाळलं नव्हतं. म्हणून त्या म्हणाल्या, मनगट दुखत होतं, आळस केला, चूक माझी एकटीची.

हे ऐकून चार महिने झाले. मी अजून विहीणबाईंना फोन केलेला नाही. नंबर काढते, बघते, ठेवते. खरं सांगायचं तर हॉलमधली ती शांतता आठवली की अजूनही मला क्षणभर बरं वाटतं, आणि तसं वाटतंय तोवर माफी मागायचं माझं तोंड नाही. मुलगी येते, पोराला आणते, इंग्रजीत बोलते. विहीणबाई म्हणे आता रविवारी मागच्या बाकावर बसतात, आणि कोणी मनगटाचं विचारलं तर बरं आहे म्हणतात.